करवंटी, शहाळं आणि परतीची गाडी

सोमवार : पंचवटी

नाशिक हा द्राक्षाचा, कांद्याचा, टोमॅटोचा जिल्हा. नारळाच्या बागेवर इथे कुणाचं घर चालत नाही. तरीही रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रामकुंडाकडे उतरताना पायरीवर, कट्ट्यावर, निर्माल्याच्या कलशात नारळच नारळ होते. काही फुटलेले, काही अर्धवट फुटलेले, काही नुसत्या शेंड्या. देवापुढे फुटल्यावर, हातगाडीवर पिऊन झाल्यावर, घरी खवून झाल्यावर या नारळाचं पुढे काय होतं, आणि त्यातून जिल्ह्यातल्या गावांच्या हाती काही लागतं का, हे बघायला मी आठवडाभर फिरायचं ठरवलं होतं.

काळारामाच्या वाटेवर एका दुकानात नारळाची पोती उतरत होती. माल दक्षिणेतून येतो. कर्नाटक आणि तमिळनाडू ही दोन नावं दुकानदार काकांच्या तोंडी सारखी येत होती. मी विचारलं, सोडण कुठाय, ते नारळावरचं जाड, तंतूंचं आवरण? काका हातातलं काम न थांबवता म्हणाले, "ताई, सोललेलाच येतो. सोडणासकट आणला तर गाडीत निम्मा माल बसेल. भाडं कोणी द्यायचं?"

हे उत्तर मला दिवसभर पुरलं. नारळाच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा सोडणाचा असतो, म्हणजे तो हिस्सा नाशिकला पोचतच नाही. खोबऱ्याचंही तसंच. इथल्या काळ्या मसाल्याला नि मिसळीच्या कटाला लागणारी खोबऱ्याची वाटी कर्नाटकातल्या तिपटूरसारख्या बाजारांतून येते ती करवंटी तिकडे ठेवूनच. मग नाशिकच्या वाट्याला काय उरतं? पूजेच्या आणि रोजच्या स्वयंपाकातल्या नारळाची करवंटी, तिला लागलेली शेंडी, आणि रस्त्यारस्त्यावर विकल्या जाणाऱ्या शहाळ्यांची ओली, जड टरफलं. या तिन्हींचे स्वभाव वेगळे आहेत. करवंटी कठीण आणि कोरडी, ती जळते उत्तम आणि कुजत नाही. शेंडी म्हणजे तंतू. शहाळ्याच्या टरफलात बहुतेक पाणीच. आपण मात्र तिन्ही एकाच पिशवीत घालतो, वर हार आणि उदबत्तीचं पाकीट टाकतो आणि गाठ मारतो.

पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात दुपारी गेले होते. तिथल्या आजी अजून तांब्याचा बंब पेटवतात. गच्चीवर ऊन खात पडलेल्या करवंट्यांचा ढीग होता. शेजारपाजारच्या बायका आपणहून आणून देतात. आजींनी सांगितलं, ओली करवंटी बंबात घालायची नाही, डोळे जातात धुरानं. आणि खोबरं चिकटलेली तर मुळीच नाही, मुंग्या आणि उंदीर. पुढे आठवडाभर ज्यांनी ज्यांनी करवंटीचं काही केलं होतं, त्यांनी पहिल्यांदा हेच दोन नियम सांगितले.

मंगळवार : कॉलेज रोड, पाथर्डी

कामदा एकादशी. संध्याकाळी रामाचा आणि गरुडाचा रथ निघणार म्हणून गावातले रस्ते बंद होण्याआधी मला शहाळ्यांच्या गाड्या बघायच्या होत्या. पहाटे कर्नाटकातून, मद्दूरच्या बाजूने आलेला ट्रक रिकामा होत होता. दुपारी एकपर्यंत कॉलेज रोडच्या एका गाडीमागे टरफलांचा ढीग कमरेएवढा झाला.

गाडीवाल्या दादांना सगळ्यात मोठी काळजी विक्रीची नव्हतीच, ढिगाची होती. घंटागाडी घेते, पण सगळं घेत नाही. गाडी लगेच भरते. मग रात्री पैसे देऊन कुणाला तरी उचलायला सांगायचं. तो माणूस ते कुठे नेऊन टाकतो, हे दादांना ठाऊक नाही. मला मात्र दुसऱ्या एका रस्त्याला, नाल्याच्या कडेला ते दिसलं. उताणी पडलेली, प्रत्येकात चमचा-दोन चमचे पाणी धरून बसलेली शहाळी.

तेवढं पाणी डासाला पुरतं. डेंग्यू पसरवणारा एडिस डास असल्याच स्वच्छ, साचलेल्या, थोड्याशा पाण्याच्या कडेला अंडी घालतो, आणि उबदार हवेत आठवड्या-दीड आठवड्यात त्यातून उडणारा डास तयार होतो. अंडी कोरडी पडली तरी महिनोनमहिने टिकतात. पुढचा पाऊस आला की फुटतात. चैत्रात टाकलेलं शहाळं आषाढात आजार देतं ते असं.

यावर उपाय दादांच्या हातातच होता, शब्दशः. पिऊन झालं, मलई खाऊन झाली की त्याच कोयत्याने शहाळ्याचे आणखी दोन घाव घालून चार तुकडे करायचे. पाणी साचत नाही, वाळायला वेळ कमी लागतो आणि ढिगाची उंची निम्म्यावर येते. दादांनी लगेच दहा-बारा फोडून दाखवली. म्हणाले, "करतो की. पण नेणारा पाहिजे ना कुणी. तुकडे करून पण तो रस्त्यावरच, तर माझा हात कशाला दुखवू?" त्यांचं म्हणणं बिनतोड आहे.

पाथर्डी शिवारात महापालिकेचा खतप्रकल्प आहे. कचऱ्याचं तिथे काम करणाऱ्या एका भाऊंशी बोलले. पालेभाजी, शिळं अन्न, फुलं लवकर खत होतात. शहाळ्याचं तसं नाही. त्याच्या सालीत लिग्निन भरपूर असतं, लाकडाला लाकूडपण देणारा तोच पदार्थ, आणि तो फोडू शकणारे जीव थोडे. शिवाय लांब तंतू यंत्राच्या दात्यांना गुंडाळले जातात आणि यंत्र थांबतं. त्यासाठी पाती वेगळी, यंत्र वेगळं, वाट वेगळी हवी. ओल्या कचऱ्यात शहाळं टाकणं म्हणजे ते नियमाने टाकलं असं वाटतं, पण काम अडवणारंच असतं.

रथ बघितला. गर्दी फार होती.

बुधवार : मोहाडी, जानोरी

दिंडोरी तालुक्यातल्या रोपवाटिका म्हणजे एक वेगळंच जग. शेडनेटखाली ९८ खळग्यांचे काळे ट्रे, त्यात मिरचीची, टोमॅटोची, ढोबळीची रोपं, एकसारख्या उंचीची. आणि त्या प्रत्येक खळग्यात माती नाही, कोकोपीट.

कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणातून काथ्याचे तंतू काढून घेतल्यावर उरणारा भुसा. सोडणात तंतू साधारण एक तृतीयांश, बाकी सगळा हा भुसा. केरळ-तमिळनाडूत काथ्याच्या धंद्यामागे याचे डोंगर साचायचे, कुणाला नको असायचे. पावसात त्यातून निघणारं तपकिरी पाणी खाडीत जायचं. १९८०च्या दशकात युरोपातल्या हरितगृहांनी पीटला, म्हणजे दलदलीतून खणून काढलेल्या कुजक्या वनस्पतींच्या थराला, पर्याय म्हणून हा भुसा वापरायला घेतला आणि नको असलेल्या ढिगाला भाव आला. आज तो दाबून ५ किलोच्या विटा करतात. पाण्यात टाकली की एक वीट फुगून सत्तर लिटरांच्या आसपास भरते.

रोपवाटिकेच्या मालकांनी गोदाम उघडलं. विटा तमिळनाडूतल्या पोल्लाचीच्या. पोल्लाची इथून हजार किलोमीटरांहून लांब. आणि सोमवारच्या दुकानदार काकांचा नारळही त्याच दिशेचा! म्हणजे एकच नारळ नाशिकला दोनदा येतो. एकदा सोललेला, देवळासाठी आणि घरासाठी. दुसऱ्यांदा त्याचं सोडण, भुसा होऊन, वेगळ्या ट्रकने, वेगळं भाडं देऊन, टोमॅटोच्या रोपासाठी. आणि त्याच वेळी कॉलेज रोडवरची शहाळी नाल्याकडेला. मी हे मोठ्याने बोलले तेव्हा मालक जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मॅडम, शहाळ्याचं पीट द्या, घेतो. पण ईसी बघून घेणार."

ईसी म्हणजे विद्युतवाहकता, भुशात क्षार किती ते सांगणारं माप. त्यांचं बरोबर होतं, आणि इथेच खरी मेहनत आहे. नारळाच्या भुशात सोडियम आणि पोटॅशचे क्षार असतात. न धुतलेल्या भुशात बी टाकलं तर उगवण कमी होते, पानांच्या कडा करपतात. म्हणून भुसा गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतात. चांगल्या प्रतीचं हवं तर कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवतात, म्हणजे भुशाला चिकटलेला सोडियम सुटून त्या जागी कॅल्शियम बसतं. शिवाय कच्च्या भुशात कार्बन फार आणि नत्र नगण्य, गुणोत्तर शंभराला एकच्याही वर. असा भुसा थेट मातीत मिसळला तर तो कुजताना पिकाचंच नत्र ओढून घेतो. कोइमतूरच्या कृषी विद्यापीठाने यावर बसवलेली पद्धत सोपी आहे: टनभर भुशाला ५ किलो युरिया आणि दीड किलो धिंगरी अळिंबीचं बियाणं, थरावर थर, ओल टिकवायची. महिन्याभरात भुसा काळा पडतो, आणि ते गुणोत्तर २४ला १ पर्यंत खाली येतं. लिग्निन फोडणारे जे थोडे जीव आहेत म्हटलं, त्यांतली ही धिंगरी एक.

ट्रे भरणाऱ्या एक ताई हे सगळं ऐकत होत्या. त्यांच्या हाताखालून दिवसाला किती ट्रे जातात विचारलं तर हसल्या. एका ट्रेला साधारण सव्वा किलो भिजलेलं पीट लागतं, हे त्यांनी न मोजता, मुठीने दाखवलं. भुशाची प्रत त्यांच्या बोटांना कळते: तंतू जास्त असले तर खळग्यात पोकळी राहते, रोप उचलताना मूळ तुटतं. शहाळ्याच्या भुशावर कुणी काम सुरू केलं तर पहिली चाचणी प्रयोगशाळेच्या आधी या ताईंच्या हातची घ्यावी असं मला मनापासून वाटलं.

मोठ्या रोपवाटिकेला शहाळ्याचं पीट पुरवणं आज सोपं नाही, हे मी इथे शिकले. प्रत रोज सारखी लागते. पण झाडाच्या आळ्याला, बांधावरच्या लिंबाला, परसातल्या वाफ्याला एवढी कडक प्रत लागत नाही. तिकडे बघायला हवं.

गुरुवार : वणी, नांदुरी, गड

नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून निघालेल्या एसटीत खानदेशातली माणसं भरलेली. चैत्रोत्सवाला धुळ्या-जळगावकडून लोक चालत येतात. दिंडोरीपासून पुढे रस्त्याच्या कडेने भगवे झेंडे आणि अनवाणी पाय. उन्हात डांबर तापलेलं. जागोजागी पाण्याची टाकी, टरबूज, शहाळी.

नांदुरी गडाच्या पायथ्याचं गाव. इथून वर सप्तशृंगीला जाणारा प्रत्येक जण हातात नारळ घेऊन जातो. वर काही दुकानं नुसती नारळ-ओटीवर चालतात. उत्सवाच्या दिवसांत किती नारळ फुटतात हे मोजायचा नाद मी सोडला. ढीग बघितला तेवढं पुरे. गडावर ओल्या कचऱ्याबरोबर करवंटी जाते तेव्हा ती घाट उतरवावी लागते, म्हणजे वजनाचं डिझेल जळतं. आणि तीच करवंटी पायथ्याच्या गावाला सरपणाहून मोलाची आहे.

पायथ्याजवळच्या एका वस्तीवर बचत गटाच्या बायका तिचा कोळसा करतात. २०० लिटरचं जुनं लोखंडी पिंप, बाजूला तीन ओळींत भोकं, वर झाकण. मी गेले तेव्हा एक भट्टी लावायची होती. आधी करवंट्या निवडल्या: खोबरं लागलेली बाजूला, ओली उन्हात, शेंडी उपटून वेगळ्या पोत्यात. मग तळाशी थोड्या पेटवून वरून भरत गेल्या. सुरुवातीला पांढरा, दाट धूर; ते आतलं पाणी. खालच्या ओळीपाशी लाल धग दिसली की ती भोकं ओल्या मातीने बंद. मग मधली ओळ. धूर निळसर, पातळ झाला की वरची ओळ, आणि झाकण मातीने लिंपून टाकायचं. हवा मिळाली तर राख, नाही मिळाली तर कोळसा. सगळी कला ते भोक कधी बंद करायचं यात. रात्रभर हात लावायचा नाही. घाईने उघडलं तर हवा लागून आतला माल पेटतो.

गटातल्या सर्वांत वयस्क मावशी धुराकडे बघूनच सांगत होत्या, "आता लाव. आता थांब." त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं, लाकडाच्या कोळशाच्या भट्ट्या त्यांनी लहानपणी पाहिल्या होत्या. त्यांचं एक वाक्य मी वहीत लिहून घेतलं: "लाकूड तोडलं तर फॉरेस्टवाले येतात. करवंटी देवीनं दिली, तिला कोण अडवतं?"

हिशेब असा. करवंटीच्या वजनाच्या ३० टक्क्यांहून थोडा कमी कोळसा हाती येतो. नारळ विकास मंडळाचा जुना आडाखा म्हणतो, ३०,००० अख्ख्या करवंट्यांना एक टन. म्हणजे किलोला तीस. तीस करवंट्या घरात साठवायला किती दिवस लागतील हे मनाशी मोजून पाहिलं, की एकट्या घराचा हा धंदा नव्हे हे समजतं. देऊळ, खानावळ, मंगल कार्यालय यांची रोजची करवंटी एका जागी आली तरच पिंप भरतं. मोठ्या कारखान्यांत या कोळशावर वाफेची प्रक्रिया करून सक्रिय कार्बन बनवतात. आपल्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातली काळी नळी बहुधा याचीच. करवंटीच्या कोळशाची छिद्रं अतिसूक्ष्म असतात आणि तो कठीण असतो, म्हणून त्याला मान. पण तो कारखाना नांदुरीत उभा राहणार नाही. इथलं गिऱ्हाईक जवळचं आहे: इस्त्रीवाले, सराफी कामाच्या भट्ट्या, आणि चुरा झाला तर शेतकरी.

एक गोष्ट मला खटकली आणि मी ती तिथे बोललेही. पहिला पाऊण तास धूर फार होतो. बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या, एकीचं तान्हं बाळ ओसरीत होतं. पिंपाला वर धुराडं बसवून धूर पुन्हा आगीवरून फिरवला, तर त्यातला बराचसा वायू जळून जातो. अशी भट्टी करता येते, लोहाराचं एका दिवसाचं काम आहे. गटाकडे तेवढी शिल्लक नाही. कोळशाचा भाव ठरवताना ही धुराडी त्यात धरली पाहिजे. जंगल वाचलं आणि बाईची छाती गेली, याला मी पुनर्वापर म्हणणार नाही.

गडावर गेले, दर्शन घेतलं. नारळ फोडला, खोबरं वाटलं, आणि करवंटीचे दोन्ही तुकडे पिशवीत घालून खाली मावशींकडे दिले. त्यांनी आधी आतून बोट फिरवून बघितलं, खोबरं राहिलंय का!

शुक्रवार : पेठ

पेठची बस सावळघाटातून जाते तेव्हा दोन्ही अंगाला उघडे, तांबूस डोंगर दिसतात. पावसाळ्यात याच डोंगरांवर पाणी कोसळतं आणि चैत्र-वैशाखात बायका हंडा घेऊन झऱ्याकडे उतरतात. माती उथळ, उताराची. पाणी आलं तसं निघून जातं. फळबागांच्या वाडी योजनेत लावलेली आंबा-काजूची झाडं पहिली दोन-तीन वर्षं जगवणं हीच इथली लढाई आहे.

करंजाळीच्या पुढे एका शेतकरी दादांच्या वाडीवर गेले. त्यांचा पिकअप आहे. भाजी, आंबा, जे असेल ते पहाटे नाशिकला पेठ रोडच्या मार्केट यार्डात नेतात आणि गाडी रिकामी परत आणतात. गेल्या हंगामात येताना त्यांनी ओळखीच्या एका गाडीवाल्याकडची शहाळ्याची टरफलं भरून आणली होती. कल्पना त्यांना कोकणातल्या पाहुण्यांनी दिली. नारळाच्या आळ्यात सोडणं पुरणं ही तिकडची जुनी रीत आहे. तंत्र एवढंच, की सोडणाची खोलगट बाजू वर ठेवायची, एकावर एक थर द्यायचे आणि वर माती. प्रत्येक सोडण पाऊस धरून ठेवतं आणि हळूहळू मुळांना देतं. एकदा पुरलं की पाच-सात वर्षं त्याचा गुण राहतो. रोपवाटिकेत नको असलेला पोटॅश इथे आंब्याच्या कामाचा; मुसळधार पावसात जास्तीचे क्षार धुऊन जातात.

त्यांनी एक आळं उकरून दाखवलं. वीतभर खाली माती गार होती, आणि टरफलाच्या तंतूंत आंब्याची पांढरी मुळं शिरलेली. मी तिथे किती वेळ बसले होते कोण जाणे. कॉलेज रोडवरचं शहाळं ते हेच. इथे ते जमिनीखाली आहे, मातीने झाकलेलं आहे, त्यात डास होत नाही, यंत्र अडकत नाही, ईसी बघायला लागत नाही.

एक धोका दादांनी स्वतःच सांगितला: वाळवी. ताजं टरफल खोडाला चिकटून ठेवलं तर वाळवी लागते, म्हणून हातभर अंतर सोडायचं आणि थरांमध्ये निंबोळी पेंड टाकायची. आणि प्लॅस्टिकचे स्ट्रॉ! पहिल्या खेपेला प्रत्येक टरफलातून स्ट्रॉ काढण्यात घरच्या सगळ्यांची दुपार गेली. त्यांनी गाडीवाल्याला निरोप धाडला, "स्ट्रॉ काढून, चार तुकडे करून ठेवलं तरच उचलीन." दुसऱ्या खेपेला तुकडे झालेले होते. म्हणजे मंगळवारी ज्या दादांनी मला नेणारा कोण विचारलं होतं, त्यांचं उत्तर पेठ रोडवरून रोज दुपारी रिकामं जातं.

गणित जुळण्याचं कारण एकच: भाडं आधीच सुटलेलं आहे. ओल्या शहाळ्याला स्वतःचा ट्रक परवडत नाही, त्यात पाणीच जास्त. परतीची गाडी परवडते. शहराच्या ज्या टोकाला पेठ, हरसूल, सुरगाण्याच्या गाड्या सकाळी येतात, तिथे एक छपराखालची जागा असावी, जिथे गाडीवाले तुकडे आणून टाकतील आणि गाड्या जाताना भरून नेतील. २०२७च्या सिंहस्थात नाशिक आणि त्र्यंबकला माणसांचा पूर येणार आहे, नारळाचा आणि शहाळ्याचाही. जागा त्याआधी ठरली तर बरं. महापालिकेला यंत्र घ्यायचं असेल तर जरूर घ्यावं. ही जागा मात्र यंत्राची वाट बघत थांबू नये.

दादांना मी नांदुरीच्या कोळशाच्या चुऱ्याबद्दल सांगितलं. शेण-गोमूत्राच्या काल्यात आठ-दहा दिवस भिजवून मगच आळ्यात घालायचा, कोरडा घातला तर तो सुरुवातीला मातीतलंच अन्न शोषून घेतो. त्यांनी ऐकून घेतलं, पण लगेच हो म्हणाले नाहीत. मग वाडीच्या वरच्या अंगाची एक ओळ दाखवली. या ओळीतल्या निम्म्या झाडांना नुसतं शहाळं, निम्म्यांना शहाळं आणि चुरा, आणि खालची ओळ तशीच, काहीही न घालता. सगळ्यांना पाणी सारखंच, आणि कुठलं झाड आधी मान टाकतं ते मृगापर्यंत बघायचं. चुऱ्याचं पोतं मी नांदुरीहून वणीपर्यंत आणायचं, पुढे त्यांची गाडी.